‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता,

स्वतःचं नाव न सांगता लिहिणाऱ्याला हे टोपणनाव कसं सुचलं, ते तुम्हालाच ठाऊक. असो. वेबसाइटच्या ऑनलाइन चाचण्यांवरच्या (म्हणजे माणसं साइट वापरताना कुठे अडतात ते बघायचं, त्या चाचण्यांवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एसी केबिनमध्ये बसून ओळखीची पाच माणसं गोळा करायची, पाचशे रुपये हातावर टेकवायचे आणि त्याला संशोधन म्हणायचं, ही निव्वळ भोंदूगिरी.” पुढे पैसे घेतलेला माणूस गोडच बोलणार, स्वस्त फोनवाल्यांचं आणि मुंबईबाहेरच्या माणसांचं काय, रेकॉर्डिंगची परवानगी घेता का, असंही बरंच काही आहे. त्याकडे येते.

आधी एसी केबिन. मी परळच्या चाळीत वाढले आणि पहिली नोकरी केली ती कॉल सेंटरात. लोक विचारायचे, “मॅडम, ते बटण कुठंय?” आणि मी समोरचा कागद वाचायची, “स्क्रीनच्या उजव्या बाजूला.” त्यांच्या स्क्रीनवर ते उजवीकडे नसायचंच! वर शिव्या मीच खायच्या. साइट बनवणाऱ्याला जे दिसतं ते वापरणाऱ्याला दिसत नाही, हे मला तिथे कळलं, कुठल्या कोर्समध्ये नाही. आजही माझं ‘केबिन’ म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेलं टेबल आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, हवं तर पाठवते.

पाच हा आकडाही माझ्या मनचा नाही. साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली हे गणित मांडलं. एकेका माणसामागे सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास पोचता येतं. पंधरा जणांचे पैसे असले तरी पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधे साइट दुरुस्त करा, असं नील्सन २००० साली सांगून गेलेत. पाच जण पुरत नाहीत, अशी हरकत जेरेड स्पूल आणि विल श्रोडर या त्याच क्षेत्रातल्या दोघांनी २००१ मध्ये घेतली, तीही मी वाचली आहे. आकडेवारी मोजायची तर नील्सनसुद्धा वीस जण घ्या म्हणतात. पण मी आकडेवारी मांडली कुठे?

आणि पाचशे रुपये. फुकटात कुणी आपला पाऊण तास का द्यावा? पैसे घेतलेला माणूस गोड बोलतो म्हणता, तर बोलतोच. एका पतपेढीच्या साइटवर मी एका निवृत्त गृहस्थांना खातं उघडायचा फॉर्म भरायला दिला होता. जन्मतारखेच्या जागी चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं. ते डावीकडचा बाण दाबत एकेक महिना मागे जायला लागले, १९५६ गाठायला. वरच्या वर्षावर टिचकी मारली की वर्षांची यादी येते, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मधेच बोट कॅलेंडरबाहेर लागलं, खिडकी मिटली आणि पुन्हा चालू महिना. शेवटी शिष्टाचार म्हणून विचारलं, कशी वाटली साइट? “छान आहे, सोपी आहे.” मी अहवालात त्यांचं बोट काय करत होतं ते लिहिलं. हे सापडायला पाचशे माणसं हवीत?

‘ओळखीची’ म्हणालात, तेव्हा गाळणीच्या प्रश्नांचा, म्हणजे चाचणीसाठी माणसं निवडताना विचारायच्या प्रश्नांचा, परिच्छेद वाचायचा राहिलेला दिसतो. “ऑनलाइन बिल भरता का?” असं विचारलं की पैशांसाठी सगळेच हो म्हणतात. मी विचारते, “गेल्या महिन्यात मोबाइलवरून काय काय केलंत?” त्यात बिलाचा उल्लेख आपणहून आला तरच पुढे.

लेखाचं शीर्षक जरा बाजारू झालं होतं, एवढं मान्य. बदललंय.

राहिलं स्वस्त फोन आणि मुंबईबाहेरची माणसं. त्यावर सवडीने लिहीन. परवानगी मी रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी घेते, अर्थातच घेते. यापुढे प्रश्न जरूर विचारा, उत्तर मिळेल. ‘भोंदूगिरी’ पुन्हा दिसली तर मात्र प्रतिक्रिया उडवीन.