‘हात चांगला असेल तर स्टेंट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

किडनी प्रत्यारोपणात मूत्रवाहिनीत (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत) घालतात त्या डीजे स्टेंटची, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या बारीक तात्पुरत्या नळीची, मी बाजू घेतली, त्यावर तुम्ही रोखठोक लिहिलंत: ‘सर्जनचा हात चांगला असेल तर ही नळी लागतेच कशाला? भावाला हिच्यामुळेच इन्फेक्शन झालं. आणि लघवी अडलीच तर पोटात दुखेल, कळेलच की!’ इन्फेक्शनचं म्हणणं रास्त आहे. बाकीचं पटलं नाही.

मूत्रवाहिनीला एरवी वाटेत ठिकठिकाणी रक्त मिळतं. दात्याची किडनी काढली की ते फाटे तुटतात आणि उरतात फक्त मूत्रपिंडाच्या धमनीकडून उतरणाऱ्या बारीक शाखा. मूत्राशयाला जोडायचं टोक त्यांच्यापासून सगळ्यात लांब, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतासारखं. म्हणून खरी काळजी दात्याच्या ऑपरेशनमध्येच घ्यायची असते. किडनीच्या खालच्या टोकापासची आणि मूत्रवाहिनीभोवतीची चरबी सोलायची नाही, खालच्या टोकाला जाणारी छोटी जादा धमनी असली तर ती वाचवायची, आणि जोडताना मूत्रवाहिनी ताण पडणार नाही इतपतच लांब ठेवायची. एवढं करूनही टोक कधीकधी सुकतं. तिथे कौशल्य संपतं.

स्टेंट सरसकट घातला तर गळती आणि अडथळा दोन्ही घटतात, हे 2013च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं. लघवीचं इन्फेक्शन वाढतं हेही त्यातच आहे. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असलेल्यांत तो फरक उरला नाही. 2018च्या कोक्रेन आढाव्यात 15 दिवसांच्या आत काढलेल्या स्टेंटमध्ये इन्फेक्शन कमी आढळलं. तेव्हा भांडायचंच तर ‘घातला का’ यावर नको, ‘काढणार कधी’ यावर भांडा. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि मग तो काढणं हेच एक ऑपरेशन होऊन बसतं.

आता दुखण्याचं. नव्या किडनीच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे मूत्रवाहिनी अरुंद होऊन किडनी फुगली तरी बरेचदा काहीच दुखत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर वाढणारा टाकाऊ पदार्थ) हळूहळू चढतं, लघवी कमी होते, आणि रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारत असल्याची, शंका आधी येते. म्हणून क्रिएटिनिन वाढलं की सोनोग्राफी हवीच. किडनी फुगलेली दिसली तर आधी पाठीतून नव्हे, पोटाच्या बाजूने (नवी किडनी तिथेच असते!) नळी घालून लघवीला वाट देतात. त्याच नळीतून डाय सोडून अडथळा नेमका कुठे आणि किती लांबीचा ते बघतात. आखूड असेल तर फुग्याने रुंद करून पाहतात. लांब असेल किंवा पुन्हा आवळला तर पुन्हा जोडणी, कधी रुग्णाची स्वतःची जुनी मूत्रवाहिनी वापरून. मूत्रवाहिनी अरुंद करू शकणाऱ्या बीके विषाणूचीही तपासणी होते.

गळती बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच होते. ड्रेनमधून (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून) अचानक जास्त पाणी आलं तर त्यातलं क्रिएटिनिन मोजतात: रक्तापेक्षा कितीतरी जास्त निघालं तर ती लघवी, रक्ताइतकंच निघालं तर बहुधा लसिकाद्रव (लिम्फ). छोटी गळती कॅथेटर आणि स्टेंटवर भरून येते, मूत्रवाहिनीचं टोकच मेलं असेल तर पुन्हा ऑपरेशन करून उघडावं लागतं.

भावाचा स्टेंट निघाला म्हणता. त्यानंतर सोनोग्राफी झाली नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, आणि स्टेंट काढण्यापूर्वीचं क्रिएटिनिन जवळ असू द्या.