रिकाम्या जागा भरा

डेटाबेसला क्वेरी, म्हणजे माहिती मागणारा हुकूम, पाठवताना व्हॅल्यूची (म्हणजे त्यात बसायच्या नाव-आकड्याची) जागा मोकळी सोडावी आणि व्हॅल्यू वेगळी पाठवावी, एवढं जगाने एकमताने मान्य केलंय. ती मोकळी जागा दाखवायची कशी, यावर मात्र कुणाचं कुणाशी पटत नाही. मायएसक्यूएलला प्रश्नचिन्ह लागतं. पोस्टग्रेसला डॉलर एक, डॉलर दोन. ऑरेकलमध्ये नावाच्या आधीच विसर्ग, म्हणजे इंग्रजी कोलन (:). एसक्यूएल सर्व्हरला ॲटचं चिन्ह. एसक्यूलाइट बिचारं यातल्या कशालाच नाही म्हणत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींनी 1999 साली पीईपी 249 नावाचा नियमांचा कागद लिहून तोडगा काढला, तो असा की पाच पद्धती, पाचही बरोबर. आपली कुठली ते डेटाबेसशी बोलणाऱ्या ज्या-त्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) जाहीर करावं. आमच्या सोसायटीची वार्षिक सभासुद्धा यापेक्षा काहीतरी ठरवून उठते.

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात यातले तीन डेटाबेस नांदतात. सर म्हणाले, "सगळ्यांना चालेल असा एक छोटासा क्लास, म्हणजे कोडचा एक साचा, लिहून टाक. क्वेरी आणि व्हॅल्यू एकत्र बाळगेल, बस. दुपारभराचं काम."

पहिला विरोध आमच्या ज्येष्ठांचा. ते गेली कित्येक वर्षं स्ट्रिंगला स्ट्रिंग, म्हणजे मजकुराला मजकूर, चिकटवून क्वेरी बनवतात. "एवढा घाट कशाला? अवतरणचिन्ह दुप्पट केलं की झालं!" ते दुप्पट करायला स्वतःच विसरतात, ही गोष्ट वेगळी. ठाण्यात डिसोझा काही कमी नाहीत. इंग्रजी स्पेलिंगमधलं ते डीनंतरचं टांगलेलं चिन्ह आलं की चिकटवलेली क्वेरी तिथेच फुटते. डिसोझा सज्जन म्हणून नुसती फुटते; त्याच भोकातून एखादा डांबरट अख्खं टेबल उडवायचा हुकूम आत सरकवू शकतो. व्हॅल्यू वेगळी गेली की डेटाबेस तिला हुकूम समजतच नाही. टेबल शाबूत, डिसोझाही शाबूत.

मग मोकळी जागा आकड्याने ओळखायची की नावाने? मी नावाच्या बाजूचा. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसलं की पहिलं स्टेशन ऐरोली, हे माणसं पेंगतानाही जाणून होती. जानेवारी 2024 मध्ये मध्येच दिघा गाव उघडलं आणि मोजून उतरणाऱ्यांची पंचाईत झाली. प्रश्नचिन्हांचं तेच. कुणीतरी मध्ये शाखेची अट घुसवली, की पुढची प्रत्येक व्हॅल्यू एक घर सरकते. व्हॅल्यूचा प्रकार (आकडा, तारीख, मजकूर) जुळला तर डेटाबेस हूं की चूं करत नाही. शाखा क्रमांक निमूटपणे रकमेच्या जागी जाऊन बसतो.

नावं मंजूर झाली, आधी विसर्ग लावून. आता क्वेरीतली नावं शोधायची म्हणजे विसर्ग शोधायचे. पण 'सकाळी 10:30' या मजकुरातही तो आहेच. पोस्टग्रेसमध्ये व्हॅल्यूचा प्रकार बदलायला जोडविसर्ग (::) लागतो. जेसन या साच्यातली माहिती तपासायला तर पोस्टग्रेसने प्रश्नचिन्हच वापरलंय, म्हणून जावा भाषेला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरमध्ये खरं प्रश्नचिन्ह हवं तर दोनदा लिहायचं. दुपारभराचा क्लास हळूहळू एसक्यूएलचं, म्हणजे क्वेरीच्या भाषेचं, व्याकरण शिकू लागला.

"एका जागेत अख्खी यादी दे की," सर म्हणाले. एका जागेत एकच व्हॅल्यू बसते हो! पोस्टग्रेसमध्ये ॲरे, म्हणजे अख्खी यादी एकच व्हॅल्यू म्हणून, देऊन निभावतं. इतरत्र जितक्या व्हॅल्यू तितकी प्रश्नचिन्हं छापायची. त्यालाही मर्यादा आहे: एसक्यूएल सर्व्हर 2100 पॅरामीटरवर (म्हणजे अशा मोकळ्या जागांवर) हात वर करतो. हे कळलं, कारण एकाने यादीत सगळेच खातेदार भरले. दुसऱ्याने यादीचा क्रम सांगणाऱ्या 'ऑर्डर बाय'च्या पुढे कॉलमचं नाव व्हॅल्यू म्हणून दिलं. त्यावर कुठे एरर येते, कुठे डेटाबेस काहीच न बोलता क्रम न लावता यादी हातात ठेवतो. कॉलमचं नाव म्हणजे व्हॅल्यू नव्हे, हे पटवताना माझा चहा गार झाला.

अखेर क्लास उभा राहिला. क्वेरी एकीकडे, व्हॅल्यू दुसरीकडे, भेट थेट डेटाबेसात. सरांची शेवटची मागणी होती की लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, क्वेरी व्हॅल्यू भरून दिसावी, म्हणजे डोळ्यांनी वाचता येईल. तेवढ्यापुरतं एक फंक्शन दिलं, वर ठळक कॉमेंट: फक्त वाचण्यासाठी.

ज्येष्ठांनी लॉग उघडला, चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"हे बघ, हे मस्त जमलंय! सगळं एकाच स्ट्रिंगमध्ये. हेच पाठवू की डेटाबेसला."