इपॉक्सी सुकत नसते, म्हणून पावसात हार्डनर वाढवू नका

पाऊस लागला की एक संदेश गोव्यातल्या हौशी कारागिरांच्या मोबाइलवर फिरू लागतो. फायबरच्या होड्या करणारे, कयाक दुरुस्त करणारे आणि घरच्या शेडमध्ये छोटं विमान बांधायला घेतलेले आमच्यासारखे मोजके लोक, सगळ्यांकडे तो पोचतो. मजकूर थोडक्यात असा: पावसाळ्यात इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळून होणारा गोंद) उशिरा सुकते, म्हणून हार्डनर थोडा जास्त घाला. रेझिन आणि हार्डनर समसमान घ्या, मापून किंवा वजन करून, कसेही. वेळ वाचवायला एकदम मोठं मिश्रण करा. क्लॅम्प जितका घट्ट तितका जोड पक्का. वर चिकटपणा राहिला तर थिनरने पुसा आणि पुढचा थर द्या. दुसऱ्या दिवशी नख रुतलं नाही की काम झालं. आणि शेवटची ओळ: ‘बोटीला चालतं ते विमानालाही चालतं.’

ही शेवटची ओळच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे.

फोंड्याजवळच्या एका शेडमध्ये आम्ही तिघे मिळून पीटनपोल एअर कँपर बांधतो आहोत. १९२९ साली फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावून उडवलेलं हे लाकडी विमान. पंखाची प्रत्येक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, म्हणजे पाव इंच बाय अर्धा इंच स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या आणि सांध्यासांध्यावर पातळ प्लायवूडचा तुकडा, म्हणजे गसेट. एका रिबमध्ये असे कितीतरी सांधे. पंखावर कापड चढलं की त्यातला एकही पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. धातूच्या विमानातला रिव्हेट निदान बाहेरून बघता तरी येतो. चिकटवलेला जोड आतून कच्चा असेल तर तो बाहेरून अगदी पक्क्यासारखाच दिसतो.

आता हार्डनरचं. आपल्याकडच्या होड्यांच्या कामात बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात ‘हार्डनर’ म्हणून जे थेंब घालतात ते एमईकेपी नावाचं पेरॉक्साइड, रेझिनच्या एक-दोन टक्के. ते फक्त काडी लावण्याचं काम करतं. रेझिनचे रेणू स्टायरीनला धरून आपापसांत जोडले जातात. म्हणून गारव्यात थेंब वाढवायचे, उकाड्यात कमी करायचे, हे होडी करणाऱ्यांचं ज्ञान त्यांच्या कामात बरोबरच आहे. मी त्याला नावं ठेवत नाही. पण इपॉक्सीचा हार्डनर काडी लावून बाजूला होत नाही, तो स्वतः रेणूंच्या त्या जाळ्याचा भाग असतो. चवथीला फुगडी घालायची तर समोर हात धरणारी लागते. एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला तेरा उभ्या राहिल्या तर फुगडी जोरात होत नाही, तिघी नुसत्या उभ्या राहतात. जास्तीचा हार्डनर तसाच जोडात मोकळा राहतो. जोड मऊ पडतो, उन्हात लवकर ढिला होतो, पाणी जास्त ओढतो.

मुळात ‘पावसात उशिरा सुकते’ हेच खरं नाही. इपॉक्सी सुकत नाही. त्यातून पाणी किंवा थिनर उडून जायचं नसतं, दोन घटकांची रासायनिक क्रिया पुरी व्हायची असते आणि तिचा वेग ठरतो तापमानावर. कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे साधारण २५ अंश सेल्सिअसचे असतात. गोव्यात जुलैतही दिवसा शेडमध्ये २६-२८ अंश असतातच. म्हणजे आपल्याकडे इपॉक्सी मंद चालण्याचं कारणच नाही. उलट एप्रिल-मेमध्ये ती हातातच घट्ट व्हायला लागते, तेव्हा संथ हार्डनर मागवावा लागतो. वेग बदलायचा तर हार्डनरची जात बदला किंवा तापमान बदला, प्रमाण कधीच नाही.

मग पावसात वरून चिकट का लागते? इथे संदेश लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं ते खरं, पण अर्थ उलटा लावला. दमट हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या हार्डनरमधल्या अमाइन नावाच्या रसायनाशी जुळतात आणि वर मेणासारखा, बोटाला बुळबुळीत लागणारा पापुद्रा येतो. त्याला अमाइन ब्लश म्हणतात. खालची इपॉक्सी घट्ट झालेली असू शकते. हा पापुद्रा ‘अजून सुकलं नाही’ समजून पुढच्या वेळी कोणी हार्डनर वाढवतो, तेव्हा मोकळं अमाइन आणखी वाढतं आणि पापुद्राही वाढतो. मग तो आणखी हार्डनर घालतो.

थिनरने हा पापुद्रा जात नाही, फडक्याने इकडचा तिकडे पसरतो. त्याच्यावर थेट पॉलिश पेपर मारला तर तो घासला जाऊन खाचांत बसतो. तो पाण्यात विरघळतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. स्वच्छ पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घेऊन घासा, पुसण्यासाठी कोरे पेपर टॉवेल वापरा, पृष्ठभाग पूर्ण वाळू द्या आणि मग ८० नंबरचा पेपर मारून चमक घालवा. काचकापडाच्या कामात शेवटच्या थरावर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड, अंथरली तर सोलताना तिच्याबरोबर ब्लशही निघून जातो.

त्याहून मोठा प्रश्न लाकडाचा. विमानाच्या लाकडात ओल ८ ते १२ टक्के असावी लागते. आपल्याकडे आठवडाभर झड लागली की उघड्या शेडमधलं लाकूड १७ टक्क्यांच्या पुढे जातं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्येच एक छोटी खोली बंद करून घेतली, आत डीह्युमिडिफायर आणि भिंतीवर आर्द्रतामापक. काटा ६० च्या वर असला तर त्या दिवशी चिकटवायचं काम नाही. त्या दिवशी पट्ट्या कापतो.

‘समसमान, कसेही’ या सल्ल्याबद्दल एकच हिशेब सांगतो. लाकडी विमानांत बरीच वापरली जाणारी टी-८८ ही इपॉक्सी मापाने एकास एक आहे, पण वजनाने १०० ला ८३, कारण हार्डनर हलका असतो. काट्यावर समसमान तोललंत तर हार्डनर वीस टक्के जास्त पडला. आणि छोट्या मिश्रणाला एक ग्रॅमच्या पायरीचा स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही. सोनार वापरतो तसा ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडा, मग सगळं दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन नेमकं शेवटच्या सांध्यावर जातं.

मोठं मिश्रण करू नका. क्रियेत उष्णता निघते, खोल कपात ती कोंडते, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते आणि काही मिनिटांत कप धुरायला लागतो. पसरट ट्रेमध्ये ओतलं की तेच मिश्रण जास्त वेळ टिकतं.

क्लॅम्पच्या घट्टपणाचा नियमही दुसऱ्या गोंदाचा आहे. रेसॉर्सिनॉल गोंदाला खूप दाब लागतो, इपॉक्सीला नाही. जास्त आवळलं की ती बाहेर निघून जाते आणि सांधा उपाशी राहतो. कडेने इपॉक्सीचा बारीक सलग मणी उमटला, एवढा दाब बस्स.

उरली नखाची परीक्षा. गेल्या श्रावणात आमच्याकडे मदतीला आलेल्या एका होडी-कारागिराने सवयीने हार्डनरचं अर्धं झाकण जास्त ओतलं. आम्हाला ते रात्री कळलं. सकाळी नख रुतत नव्हतं. त्याच मिश्रणाने चिकटवलेले दोन टाकाऊ तुकडे पकडीत धरून मी वाकवले. काडकन आवाज आला नाही, गसेट पाकिटावरचं तिकीट सुटावं तसं अलगद सुटलं आणि खाली इपॉक्सी काचेसारखी गुळगुळीत, तिच्यावर लाकडाचा एक तंतू नाही. चांगला जोड मोडतो तेव्हा लाकूड फाटतं आणि दोन्ही बाजूंना तंतू उभे राहतात. त्या दिवसाच्या चार रिब आम्ही मोडीत काढल्या. तेव्हापासून प्रत्येक मिश्रणाचा एक नमुना तारीख लिहून फळीवर ठेवतो आणि आठवड्याने मोडतो.

या जूनपासून कोणी त्या संदेशाप्रमाणे सांधे चिकटवले असतील तर कापड चढवण्याआधी थांबा. त्याच मिश्रणाचा नमुना असेल तर तो मोडा, नसेल तर एक रिब मोडा. जास्तीचा हार्डनर उन्हात ठेवून किंवा वरून आणखी थर देऊन निघत नाही. गसेट काढायचं, रंध्याने कोऱ्या लाकडापर्यंत जायचं आणि कोरड्या दिवशी नव्याने चिकटवायचं.