ओसुमींचं यीस्ट आणि मावशीची एकादशी

आषाढी जवळ आली की हा मेसेज न चुकता येतो. या वेळी मावशीकडून आला. मजकूर थोडक्यात असा: जपानच्या डॉ. ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं, कारण सोळा तास उपाशी राहिलं की निरोगी पेशी कॅन्सरच्या पेशींना खाऊन टाकतात हे त्यांनी सिद्ध केलं. आपल्या पूर्वजांनी हे आधीच ओळखून एकादशी सांगितली. औषध कंपन्या मात्र हे दडवून ठेवतात. एरवी असलं काही आलं की मी गुपचूप पुढे सरकतो. पण मावशीच्या मोठ्या जावेची केमोथेरपी चालू आहे, आणि मेसेजखाली मावशीनं लिहिलं होतं, "जाऊबाईंना सांगू का रे?" म्हणून हा खटाटोप.

आधी नोबेल. योशिनोरी ओसुमी रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हेत, पेशीवैज्ञानिक आहेत. पाव फुगवणारं यीस्ट हा त्यांचा आवडता जीव. १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात त्यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली, तेव्हा प्रश्न साधा होता: पेशी आपला कचरा कसा मोडीत काढते? शाळेच्या पुस्तकात लयकारिका, म्हणजे पेशीतली कचरा पचवणारी पिशवी, वाचलेली आठवत असेल. यीस्टमध्ये तेच काम रिक्तिका करते. अडचण अशी, की आत गेलेला माल इतक्या झटपट विरघळतो की डोळ्यांना काही दिसतच नाही. ओसुमींनी शक्कल लढवली. ज्याच्या रिक्तिकेत पचवणारी विकरंच धड नाहीत असं यीस्ट घेतलं आणि त्याच्या खुराकातला नायट्रोजन तोडला. म्हणजे कचऱ्याच्या गाड्या चालू, पण डेपोतली भट्टी बंद. काही तासांतच रिक्तिका गोल गोल पुटिकांनी, म्हणजे कचरा वाहणाऱ्या चिमुकल्या पिशव्यांनी, गच्च भरली. त्या आत सतत वळवळत होत्या आणि साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातूनही दिसत होत्या. हा शोधनिबंध १९९२ चा. पुढच्याच वर्षी या यंत्रणेला लागणारी पंधरा जनुकं त्यांनी हुडकून काढली. नोबेल मिळालं ते या यंत्रणेच्या, म्हणजे ऑटोफॅजीच्या, उलगड्याला. उपाशी होतं ते यीस्ट. माणसाचा उपवास किंवा कॅन्सरचा उपचार त्या प्रयोगांत कुठेच नव्हता.

दुसरा मुद्दा, "निरोगी पेशी कॅन्सरच्या पेशींना खातात". इथे तर शब्दाचा अर्थच उलटा लावलाय. ऑटोफॅजी म्हणजे स्वभक्षण. हा शब्द क्रिस्तियाँ द दुव यांनी १९६३ मध्ये रूढ केला. पेशी खाते ती स्वतःचेच भाग: मोडक्या तंतुकणिका (पेशीची ऊर्जाकेंद्रं), प्रथिनांचे गोळे. शेजारची पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी वेगळ्या. त्यांच्या कामासाठी मेचनिकोव्ह यांना १९०८ मध्येच नोबेल मिळून गेलंय.

कॅन्सरशी ऑटोफॅजीचा संबंध आहेच, पण तो मेसेजवाल्याला परवडणारा नाही. १९९९ मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाला बेक्लिन-१ या ऑटोफॅजीच्या जनुकाचं गाठी रोखण्याशी नातं दिसलं. पुढे या जनुकाची एक प्रत काढून टाकलेल्या उंदरांत गाठी जास्त झाल्या. म्हणजे सुरुवातीला ही सफाई राखण करते. एकदा गाठ रुजली की मात्र डाव पालटतो. गाठीच्या पोटात रक्तपुरवठा तोकडा, तिथली पेशी आधीच अर्धपोटी. ती तगून राहते ती याच ऑटोफॅजीच्या जोरावर, स्वतःचे तुकडे मोडून खात. २०११ च्या सुमारास स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींत हे ठळकपणे दिसलं. म्हणून तर मलेरियावरचं जुनं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कॅन्सरच्या रुग्णांना देऊन ऑटोफॅजी *थांबवण्याचे* प्रयोग झाले. थांबवण्याचे, चालू करण्याचे नव्हे! झाडू घर कुणाचं आहे ते विचारत नाही. चोराच्या घरातही तो तितकाच इमानेइतबारे चालतो.

ओसुमींच्या कामाचं मोल इतर आजारांतही दिसतं. लहान वयात होणाऱ्या पार्किन्सनमध्ये बिघडणारी पिंक-१ आणि पार्किन ही जनुकं नादुरुस्त तंतुकणिकांवर "मोडीत काढा" अशी खूण करतात. पण त्यावर हात जोडलेली चिन्हं लावून कोणी मेसेज पाठवत नाही.

आता ते सोळा तास. उंदराला चोवीस तास उपाशी ठेवलं तर त्याच्या यकृतात ऑटोफॅजी वाढते, हे दाखवलं गेलंय. पण एवढ्याशा उंदराचं वजन एका दिवसाच्या उपाशीपणानं चांगलंच उतरतं. त्याचा दिवस आणि आपला दिवस एक नव्हे. माणसाच्या शरीरात किती वाजता काय सुरू होतं हे सांगणारी रक्ताची चाचणी कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मिळत नाही. सोळाव्या तासाला "ऑटोफॅजी सुरू" म्हणून किणकिणणारं मोबाइल ॲप गजर लावतं, मोजत काही नाही.

आणि एकादशी? "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यानं इन्शुलिन चढतं. दाण्याच्या कुटातून अमिनो आम्लं येतात. "अन्न आलंय" हा निरोप दोघंही पेशीतल्या एमटॉर या प्रथिनाला देतात, आणि ते सफाईला लगाम घालतं. तेव्हा मेसेजच्याच हिशेबानं खिचडीच्या दुसऱ्या ताटलीला सगळं मुसळ केरात. (मी दोन ताटल्या खातो. एकादशी विठोबासाठी असते, तिला स्टॉकहोमच्या नोबेलचा दाखला कशाला हवा?)

औषध कंपन्यांचं फार बोलायला नको. ऑटोफॅजीला चालना देणारं रॅपामायसिन प्रत्यारोपणाच्या रुग्णांना राजरोस दिलं जातं. दडवलेलं काय, तर काही नाही.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न. केमोच्या दिवसांत अल्प आहार देऊन पाहणारे प्रयोग खरंच झालेत. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात गाठीच्या प्रतिसादाबद्दल थोडी आशा दिसली, त्रास कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि सगळ्या फेऱ्यांत तो आहार मोजक्याच जणींना झेपला. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरवून दिलेल्या आहारावर. घरच्या घरी सोळा तासांचा कडकडीत उपास हे निराळं प्रकरण. कॅन्सरमध्ये वजन आणि स्नायू आधीच झडत असतात, त्यात भर पडते.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, पण त्यांना काही जातच नाही. काय देऊ?"

"डॉक्टरांना आणि तिथल्या आहारतज्ज्ञांना विचार. तोवर जे जाईल ते, थोडं थोडं, पण प्रथिनं हवीत."

"एकादशीला राजगिऱ्याची खीर चालेल?"

"चालेल की. दूध जरा जास्त घाल."