पदार्थ बनवायची गरज नाही म्हणे!

आज सकाळी हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात पडली. (वहिनींच्या खानावळीचं ऑनलाइनचं सगळं मी बघतो, म्हणून त्या ग्रुपवर आहे.) 'तुमच्या मेन्यूतल्या सगळ्या पदार्थांचे आकर्षक फोटो, एका तासात. फोटोग्राफर नको, लाइट नको, पदार्थ बनवायचीही गरज नाही.' खाली एआयनं केलेले नमुने. त्यात आपली कोल्हापुरी थाळी. पांढऱ्या रश्श्यावर क्रीमची नक्षी, मधोमध कुठलंतरी विलायती हिरवं पान, आणि भाकरीच्या जागी जे ठेवलंय तो सरळ सरळ पिझ्झ्याचा तळ. आणि ग्रुपवर धडाधड अंगठे वर! ज्यांच्या घरात दोन पिढ्या रस्सा शिजतोय त्यांचे अंगठे.

मी तिथंच विचारलं, हा रस्सा कुठल्या हॉटेलात मिळतो? अ‍ॅडमिननी कळवलं, 'कृपया व्यवसायाशी संबंधितच पोस्ट टाका.' म्हणून इथं लिहितोय.

पदार्थ बनवायची गरज नाही. अरे मग हॉटेल तरी कशाला काढलंत?

आमच्याकडं हे आधी होऊन गेलंय, आणि तेव्हा तर खरा माणूस आला होता, कॅमेरा घेऊन. पुतण्याच्या ओळखीतला. ऑर्डरच्या अ‍ॅपवाल्यांनी तगादा लावला होता की फोटो 'प्रोफेशनल' पाहिजेत. तो आला, लाइटच्या छत्र्या उभ्या केल्या, आणि वहिनींना म्हणाला, "मटण पूर्ण शिजवू नका, पीस आक्रसतात." वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. अर्धंकच्चं मटण ताटात वाढायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. मग सुक्क्यावर ब्रशनं तेल. भाकरीला डाग कमी पडले म्हणून ते गॅसगननं जाळले. तांबड्या रश्श्याच्या वाटीत तळाला एक छोटी वाटी उपडी घातली, म्हणजे पीस वर दिसतात. पेल्यावर ग्लिसरीनचे थेंब. दुपारपर्यंत हे चाललं आणि शेवटी ते सगळं मटण टाकून दिलं, कारण खाण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मटणाचा भाव मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

त्या उपड्या वाटीचं मला नवल वाटलं होतं. नंतर कळलं, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत कॅम्पबेल सूपवाल्यांनी जाहिरातीतल्या वाडग्यात तळाला काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, भाज्या वर याव्यात म्हणून. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७० साली त्यांना ते बंद करायला लावलं. आपल्याकडंही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण खानावळीतल्या वाटीत कोण हात घालून बघतंय!

फोटो मात्र झकास आले. खोटं कशाला बोलू. अ‍ॅपवर चमकत होते.

मग एका रविवारी सांगलीकडचं एक कुटुंब आलं. ताटं वाढली. त्यातल्या गृहस्थांनी मोबाईल काढला, फोटो वहिनींच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "ताई, ह्यात तर पीस वर आलेत. आमच्या वाटीत कुठं गेले?" बाकीची टेबलं ऐकत होती. वहिनींनी काही न बोलता आत जाऊन आणखी वाढून आणलं, पैसे घेतले नाहीत. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला कमी वाढलं नाही, तिला भरल्या खानावळीत चोरी केल्यासारखं उभं राहायला लागलं. फोटोवाला पैसे घेऊन कधीच गेला होता. अ‍ॅपवाले गल्ल्यावर नसतात. ऐकून घ्यायला फक्त वाढणारा उरतो. हे त्या ग्रुपवरच्या एकाही अंगठेवाल्याला कसं कळत नाही?

हां, मान्य आहे, फोटो वाईट असेल तर कुणी ऑर्डर करत नाही. मान्य, चांगले फूड फोटोग्राफर असतात, प्रामाणिकपणे काम करणारे, आणि त्यांचे पैसे योग्य असतात. झोमॅटोनंसुद्धा २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं होतं की एआयनं केलेले पदार्थांचे फोटो मेन्यूतून काढणार. म्हणजे एवढ्या मोठ्या धंदेवाल्यांनाही हे खुपलं, आणि आपण अंगठे दाखवतोय.

पुढं सांगतो ते ऐका, कारण इथं बरेच जण खानावळीवाले आहेत. आम्ही तो फोटो काढून टाकला आणि स्वतः काढायला बसलो. साध्या मोबाईलवर. पहिली अडचण पांढऱ्या रश्श्याची. पांढरा रस्सा स्टीलच्या वाटीत, वरून ट्यूबलाइट, फोटो बघून वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यो रस्सा हाय का पेज?" खरंच पेज दिसत होती. एका बाजूनं दारातला उजेड, वरून ट्यूब, त्यामुळं अर्धा रस्सा हिरवट आणि वाटीत माझाच शर्ट.

ट्यूब बंद केली. ताट दाराजवळच्या काळ्या कडाप्प्यावर ठेवलं, उजेड मागनं तिरका येईल असं. अलीकडच्या बाजूला वहीचं पांढरं पान उभं धरलं, सावली हलकी व्हायला. आणि वरून फोटो काढायचं सोडलं. जेवायला बसलेल्या माणसाला ताट दिसतं तेवढ्या उंचीवर मोबाईल आणला. एकदम रश्श्यावरचे चरबीचे बारीक बारीक मणी उजेडात चमकायला लागले. खोबऱ्याच्या दुधाची ती दाट, किंचित पिवळसर झाक दिसली. मागं काळं असल्यामुळं वाफसुद्धा दिसली. कसली नक्षी न् कसलं पान!

वेळ वहिनींनी सांगितली. तांबडा रस्सा वाढला की पहिल्यांदा वरचा तेलाचा कट नुसता पसरलेला असतो, मग क्षणभर थांबून गोळा होतो, कडेला लाल रेघ धरतो. "आता काढा," म्हणायच्या. थोडा उशीर झाला की वर साय धरल्यासारखं मंद होतं, मग कितीही खटपट करा. एवढी वर्षं रोज ते ताट बघणाऱ्या बाईला ते कधी सगळ्यात छान दिसतं हे माहीत असणार नाही तर कुणाला? आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेलाचा ब्रश हातात घेणाऱ्यानं तर नाहीच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ग्रुपवरच्यांचंही समजू शकतो. भाडं, गॅस, वर कमिशन, त्यात फोटोचा खर्च कुठनं काढायचा. स्वस्तात काही मिळालं की हात पुढं होतोच. पण अर्ध्या तासाची उघडीप आणि एक पांढरा कागद याला काही पैसे पडत नाहीत हो. कुणाला लागलं तर मी येऊन दाखवीन, कोल्हापुरात कुठंही. क्रीमची नक्षी मागणाऱ्यानं मात्र बोलवू नये.

आमच्या सुक्क्याचा फोटो अजून राहिलाय. तपकिरी पदार्थ, ताटात काळाच पडतो. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी, बुधवारी नको, गिऱ्हाईक असतंय. शुक्रवारी सकाळी या. आणि येताना डबा आणा, फोटो झाल्यावर ते काय टाकून देणार व्हय?"