‘स्वस्तातला पिच्चर’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा निकाल

‘अमेरिकन ग्राइंडहाउस’ हा स्वस्तातल्या, सनसनाटी अमेरिकन पिच्चरांवरचा २०१०चा माहितीपट सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर झोडपला जातोय. फिरणाऱ्या मजकुराचा सूर असा: अंग आणि रक्त विकणारे हे पिच्चर म्हणजे साठच्या दशकात सैल सुटलेल्या अमेरिकेची घाण, ते काढणाऱ्यांना कॅमेरा धरता येत नव्हता, बायकांना त्यात नुसतं वापरलं, आणि बाबूराव पेंटरांच्या गावाला असल्या धंद्याशी काय देणंघेणं?

साठच्या दशकाचं म्हणाल, तर माहितीपट शेवटपर्यंत बघितलेला दिसत नाही. मुलींच्या व्यापारावरचा ‘ट्रॅफिक इन सोल्स’ १९१३चा, म्हणजे मूकपट. पुढे १९३४पासून बड्या स्टुडिओंनी आचारसंहिता कडक केली आणि अमली पदार्थ, बाळंतपण असले विषय पडद्याबाहेर गेले. बड्यांनी टाकलेलं किरकोळ निर्मात्यांनी उचललं. क्रोगर बॅबचा ‘मॉम अँड डॅड’ (१९४५) घ्या. पडद्यावर खरंखुरं बाळंतपण, बायकांचे खेळ वेगळे, पुरुषांचे वेगळे, थेटरात नर्सच्या वेशातल्या बाया, आणि मध्येच एक ‘आरोग्यतज्ज्ञ’ भाषण ठोकून पुस्तिका विकणार. गंमत म्हणजे गावोगावी या तज्ज्ञाचं नाव एकच, माणूस मात्र निराळा! बंदी होती म्हणूनच तिकीट खपत होतं.

कॅमेऱ्याचं तर बोलूच नका. स्वस्तातले पिच्चर काढणाऱ्या रॉजर कॉर्मननं ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं (१९६०) मुख्य शूटिंग दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. पिच्चर भिकार वाटला तर वाटू दे, पण अडाण्याचं ते काम नव्हे. कोपोला, स्कॉर्सेसी हे पुढं नावाजलेले दिग्दर्शक सुरुवातीला त्याच्याकडंच राबले. स्वीडनच्या नामांकित दिग्दर्शक बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ अमेरिकेत लावला तोही कॉर्मनच्याच कंपनीनं.

बायकांबद्दलचं वाक्य मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि माहितीपटही तिथं जरा हसून पुढं सरकतो.

राहिलं कोल्हापूर. पेंटरांचा ‘सैरंध्री’ (१९२०) काही त्या जातीचा पट नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या माझाच मजकूर फिरेल. पण त्यातला कीचकवध इतका अंगावर आला की तो भाग कापावा लागला. प्रेक्षकाला हादरवायचं कसब या मातीतही होतं, आणि कात्रीही तेव्हापासूनचीच. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच ‘सैरंध्री’साठी.