कॅसल हॉवर्डची तटबंदी: लढायची नव्हे, मिरवायची

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या कॅसल हॉवर्ड या सरदारी वाड्याच्या प्रवेशमार्गाचे फोटो फिरतायत. खाली मजकूर: ‘मध्ययुगीन किल्ल्याची शाबूत तटबंदी, शत्रूला वाटेतच अडवायला एकामागे एक दोन दरवाजे.’ फोटो अस्सल आहेत, मजकूर नाही.

आधी वय बघू. आतला, वाड्याचा वास्तुकार व्हॅनब्रूने बांधलेला पिरॅमिड गेट १७१९ चा. बाहेरचा कारमायर गेट त्याचा सहकारी वास्तुकार हॉक्समूर याचा, १७३० च्या आसपासचा. तोवर इंग्लंडमधलं यादवी युद्ध संपून साठहून जास्त वर्षं झाली होती. चाल करून येणार कोण?

आणि अडवायचं असतं तर दरवाजा असा बांधला असता? रायगडचा महादरवाजा आठवा: बुरुजांच्या आड वळणात दडलेला, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. इथे काही मैलांचा सरळसोट रस्ता थेट कमानीवर येतो. दरवाजा लांबूनच नजरेत भरावा हाच हेतू. तटाला बुरूज आहेत, तेही नाना आकारांचे, पण तो वाड्याला वेढा घालत नाही. शत्रूने टोकाला वळसा घातला की काम फत्ते! १७५६ मध्ये तर पिरॅमिड गेटच्या दोन्ही अंगांना इमारती जोडल्या, त्या वाडा बघायला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी.

मजकुरातल्या ‘मध्ययुगीन किल्ल्याची’ यात मात्र तथ्याचा अंश आहे. इथे हेंडरस्केल्फचा किल्ला होता, तो १६९३ मध्ये जळाला. पण हा तट त्याचा नव्हे, आणि साक्ष खुद्द मालकाची आहे. रस्त्यातच १७१४ चा ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, उभा आहे. त्यावर तिसरा अर्ल ऑफ कार्लाइल, चार्ल्स हॉवर्ड, याने १७३१ मध्ये लेख कोरवला: जुन्या किल्ल्याच्या जागी नवा वाडा, झाडी, स्मारकं आणि बाहेरची बांधकामं आपण केली, सुरुवात १७०२ मध्ये. दगडात कोरलेलं वाचायचं सोडून लोक फॉरवर्ड वाचतात.

आपल्याकडे कुणीतरी शेपूटही जोडलंय: व्हॅनब्रू सुरतेत होता, तेव्हा महाराजांच्या स्वाऱ्यांनंतर बांधलेल्या तिथल्या तटाची ही नक्कल. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो १६८० च्या दशकात सुरतेला होता, हे खरं. पण १७११ मध्ये त्याने सुरतेचा दाखला दिला तो तिथल्या इंग्रजी दफनभूमीचा, गावाबाहेर पुरण्याची पद्धत लंडनने घ्यावी म्हणून. नमुना म्हणून तटच बघायचा तर त्याला सुरतेपर्यंत कशाला जायला हवं? तो लहानाचा मोठा झाला चेस्टरमध्ये, आणि त्या शहराचा मध्ययुगीन तट आजही उभा आहे.